सुकरी त्या रात्री कुठे होती

संपादकांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, कोर्टातल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना हसू आलं पाहिजे." मी हो म्हणून बसले. गमती आहेत माझ्याकडे, पोत्यानं आहेत. खरं सांगेन अशी शपथ घेऊन झाल्यावर "पण साहेब, हे गावात कोणाले सांगू नका" असं जज्जांनाच बजावणारा म्हातारा मी पाहिला आहे. पण लिहायला बसलं की हात भलतीकडेच वळतो. तेव्हा एक गंमत सांगते आणि मग मला जे सांगायचं आहे ते सांगते. हसू नाही आलं तर संपादकांना धरा.

मी वरोऱ्याच्या शिंप्याची मुलगी. अब्बांची इच्छा होती मी शाळेत मास्तरीण व्हावं. मी वकील झाले आणि लग्न होऊन अहेरीला आले. मुसलमानाची सून, त्यात वकील, त्यात फौजदारी चालवते म्हटल्यावर बाररूममध्ये काही दिवस सगळ्यांची चांगली करमणूक झाली. ज्या केसमध्ये काही मिळायचं नाही, आरोपीकडे वकील लावायला काही नाही आणि सरकारनंच फुकट वकील द्यायचा आहे, त्या केसेस माझ्याकडे सरकवायच्या, असं त्यांनी आपसांत न बोलता ठरवून टाकलं होतं. मी पण हट्टी. घेत गेले.

बाहेरच्या माणसाला वाटतं वकिली म्हणजे भाषण. तसं काही नसतं हो. सगळी वकिली एका प्रश्नावर चालते: सिद्ध कोणी करायचं? साधा नियम असा, की जो म्हणतो त्यानं दाखवावं. सरकार म्हणतं याने खून केला, तर सरकारनं दाखवावं. आरोपी तोंडात मिठाची गुळणी धरून बसला तरी चालतं. पण कायद्याला काही ठिकाणी घाई असते. तिथे तो आधीच एक गोष्ट धरून चालतो आणि खोटी असेल तर तू दाखव म्हणतो. सात वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं धरतो. जंगलखात्यानं पकडलेलं लाकूड सरकारचं असं धरतो. माझ्या माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही जिल्ह्यांत झाडाखाली जन्मलेल्या माणसाला हा दुसरा नियम समजावून सांगताना माझ्या नाकी नऊ यायचे.

गंमत त्याचीच आहे. चामोर्शीकडचा एक ढिवर, तळ्यात मासे धरणारा, आपल्या घराचं जुनं सागवानी दार चौकटीसकट काढून बैलगाडीतून लेकीच्या सासरी नेत होता. नाक्यावर अडकला. लाकूड सागवान, पावती नाही, म्हणजे सरकारचं. आजोबाच्या काळातल्या दाराची पावती कोण आणणार? मी कपाळाला हात लावून बसले. हा मात्र निवांत. मॅजिस्ट्रेटनं विचारलं, "हे दार तुझंच, कशावरून?" तर म्हणतो, "साहेब, माह्या घराले आता दार नाई. येऊन पाहून घ्या ना. कुत्रे आत येऊन राह्यले." त्याचा शेजारी साक्षीला आला आणि भिंतीतल्या त्या भगदाडाची लांबी-रुंदी हात पसरून दाखवली. दार सुटलं. तो सगळ्यांना राम राम करत गाडी जुंपून निघून गेला.

झाली गंमत. आता चैतूचं सांगते.

चैतू माडिया आदिवासी. अहेरीच्याही पलीकडे, नदी ओलांडून, पावसाळ्यात जग तुटतं अशा गावचा. गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांचीही बदलली आहेत. त्याच्यावर बायकोच्या खुनाचा आरोप होता. बायको सुकरी. पाच-सहा वर्षांची एक मुलगी, मैनी. बाप तुरुंगात गेल्यावर ती आजीजवळ राहिली.

पोलिसांच्या कागदांप्रमाणे मामला सरळ होता. सकाळी सुकरीचं प्रेत चैतूच्या अंगणात पडलेलं. डोक्याला मार. डॉक्टर म्हणतात, जड आणि बोथट वस्तूचा. घरात मुसळ सापडलं, ते जप्त. सुकरीचा भाऊ दुसऱ्या गावचा. त्यानं सांगितलं, चैतू प्यायचा आणि भांडायचा. शेजारी म्हणाला, दोन-चार दिवसांपूर्वी आवाज ऐकू आला होता. बघणारा कोणी नाही. पण रात्री घरात नवरा-बायको आणि सकाळी अंगणात बायको मेलेली, अशा वेळी कायदा नवऱ्याकडे वळतो. घरात काय झालं ते फक्त तुला माहीत, तेव्हा तू सांग. नाही सांगितलंस तर कोर्ट तुझ्याविरुद्ध समजेल. हे कलम वाईट नाही. बायकांना जाळून "स्टोव्ह भडकला" म्हणणारे नवरे याच कलमानं आत गेलेले मी पाहिले आहेत आणि मला आनंद झाला आहे.

तुरुंगात मी त्याला पहिल्यांदा भेटले. सडपातळ, गप्प माणूस. जमिनीकडे बघत उकिडवा बसला. मराठी तोडकीमोडकी, पण यायची.

"सुकरीला कोणी मारलं?"

"कोणी नाई."

"मग कशी मेली?"

"नाई माहीत, बाई."

"अरे, तुझ्या घरात तुझी बायको—"

"घरी नोहती."

"घरी नव्हती? मग कुठे होती?"

मी पुन्हा विचारलं. चढ्या आवाजात विचारलं. माझा स्वभाव काही मऊ नाही. त्यानं कानावर हात ठेवले ते ठेवलेच. "नाई माहीत." मला खरं सांगू का, त्या दिवशी वाटलं, यानंच मारलं असणार. वकिलाला असं वाटलं तरी वकिली करायची असते. मी केली.

सरकारचे साक्षीदार संपले आणि जज्जसाहेबांनी आरोपीला विचारायचे प्रश्न विचारले. हा आरोपीचा हक्क असतो, आपली बाजू शपथेशिवाय सांगायचा. जज्ज कोकणातले, नवे, सज्जन. सावकाश विचारत होते, दुभाषी माडियात सांगत होता. बायको रात्री तुझ्याबरोबर होती का? नाही. मग कुठे होती? माहीत नाही. अंगणात प्रेत कसं आलं? माहीत नाही. प्रत्येक "माहीत नाही"ला सरकारी वकील माझ्याकडे बघून मान हलवत होते. चांगला माणूस होता तो, मला वाईट वाटू नये म्हणून हसत नव्हता.

मात्र "घरी नव्हती" हे त्याचं एकच वाक्य तुरुंगापासून कोर्टापर्यंत बदललं नाही. खोटं बोलणारा माणूस इतकं कमी बोलत नाही. ते मला टोचायला लागलं. बचावाचा साक्षीदार आणायला कोर्टानं तारीख दिली होती. त्या भागात फिरणारी एक नर्सबाई माझ्या ओळखीची होती, लस टोचायला जायची. मी तिच्याबरोबर निघाले. नवरा म्हणाला, "फुकटच्या केसला कोण एवढं जातं?" मी म्हटलं, डबा कपाटात आहे, गरम करून घ्या.

गावात माणसांनी खाट टाकली, पाणी दिलं. सुकरीचं नाव काढलं की एकेक जण उठून जायचा. "बायकायचं हाये, आमाले काय माहीत," म्हणायचे. मग नर्सबाई मला गावाच्या कडेला घेऊन गेली. तिथे एक ठेंगणी झोपडी होती. कुर्मा घर. पाळीच्या दिवसांत बाई घरात राहत नाही, स्वयंपाक करत नाही, तिथे जाऊन राहते. बाप्यानं तिकडे फिरकायचं नाही, तिकडे बघायचं नाही, आणि घरची बाई तिथे आहे हे तोंडानं म्हणायचंही नाही. घरात बाई दिसली नाही तर नाही. विचारायचं नसतं.

आत तानी नावाची बाई बसली होती. तिचा एक पाय वाकडा जुळलेला. मी बाई असल्यामुळे ती बोलली. नर्सबाईनं मराठीत सांगितलं. त्या रात्री जुन्या झोपडीत ती आणि सुकरी दोघीच होत्या. पाऊस लागून राहिलेला. ती झोपडी कोणी दुरुस्त करत नसे, कारण बाप्यांनी हात लावायचा नाही आणि बायकांना छपरावर चढता येत नाही. मधला खांब कुजला होता. खांब गेला, छपराचं आढं सुकरीच्या डोक्यावर आलं, वासा तानीच्या पायावर. उजाडल्यावर बायकांनी सुकरीला ओढून काढलं आणि तिच्या घरच्या अंगणात नेऊन ठेवलं. मेलेलं माणूस तिथे कसं ठेवायचं? पोलीस आले तोवर पडलेलं सामान बायकांनी जाळून दुसरीकडे नवीन झोपडी उभी केली होती. त्यांना त्या आठवड्यातही जागा लागणारच होती ना.

"पोलिसांना का नाही सांगितलं?" मी विचारलं.

तानीनं नर्सबाईकडे पाहिलं. नर्सबाई म्हणाली, "बाई, पोलिसायनं बाप्यायले विचारलं. हिले कोण विचारते?"

मी तशीच तुरुंगात गेले. मनात राग मावत नव्हता. "चैतू, तुला माहीत होतं!"

तो म्हणाला, "तुमी तिथी गेल्ता?"

"गेले. तानी सगळं सांगायला तयार आहे. तू फक्त कोर्टात सांग. मी अर्ज करते, साहेब पुन्हा विचारतील. एक वाक्य सांग, की सुकरी कुर्मा घरात होती."

"नाई."

"अरे जन्मठेप होईल! तुझी मैनी आहे, तिचं काय?"

मुलीचं नाव काढलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "बाई, थे बायकायची जागा हाये. मी तिथं नाव घेतलं तं सुकरीची लाज जाते. एवढ्या लोकायसमोर. मेली थे. आता तिची लाजबी मीच घेऊ का?"

मी भांडले, समजावलं, शेवटी हात टेकले. अशा माणसापुढे काय करायचं, हे कोणत्याच कॉलेजात शिकवलं नव्हतं.

उरली तानी. तारखेच्या दिवशी मी सकाळपासून कोर्टाच्या व्हरांड्यात. नर्सबाई एकटीच आली. "बाई, ते नाई येऊ शकत. तिथीच बसली हाये," ती हळूच म्हणाली. या अल्ला! म्हणजे ज्या झोपडीचं सांगायला यायचं, त्याच झोपडीत ती अडकली होती.

पुकारा झाला. साक्षीदार गैरहजर. जज्जसाहेबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "आजारी आहे." सरकारी वकिलांनी डॉक्टरचा दाखला मागितला. आता काय सांगणार? मी सांगून टाकलं. भर कोर्टात, मोठ्यानं, साक्षीदार मासिक पाळीत आहे आणि त्या काळात ती गावाबाहेरच्या झोपडीतून निघू शकत नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी खुदकन हसलं. दुभाषी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा राहिला. आणि आरोपीच्या पिंजऱ्यात चैतूनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. जज्जसाहेबांनी हसणाऱ्याला बाहेर काढलं आणि मला म्हणाले, "मॅडम, हेच लिहून द्या. शेवटची तारीख देतो."

त्या तारखेला तानी आली. लंगडत, दोन एसट्या बदलून. पुरुष दुभाष्याशी ती एक शब्द बोलेना, म्हणून साहेबांनी नर्सबाईलाच शपथ दिली. तानीनं सगळ्या कोर्टाकडे पाठ केली, पदर डोक्यावरून ओढला आणि भिंतीकडे तोंड करून जे झालं ते सांगितलं. खांब, आढं, पाऊस. सुकरी थोडा वेळ जिवंत होती, हे तिनं तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. मैनीला हाका मारत होती म्हणाली. हाकेला कोण येणार? बाप्यानं तिकडे यायचं नाही, आणि गावापर्यंत सरपटत जायला तानीचा पाय मोडलेला.

मी वळून चैतूकडे पाहिलं. ते त्याला माहीत नव्हतं. त्याचा चेहरा मी इथे लिहीत नाही.

मला वाटलं, जिंकलो. आरोपीवर ओझं आलं तरी ते सरकारच्या ओझ्याएवढं नसतं. त्यानं शंभर टक्के सिद्ध करायचं नसतं, असं झालं असू शकेल एवढं दाखवलं की पुरे. मी तेच सांगितलं, घसा फोडून सांगितलं.

निकाल लागला तो जन्मठेपेचा. साहेबांनी कारणं नीट लिहिली होती, चिडायलाही जागा ठेवली नव्हती. साक्षीदार गावची. इतके महिने गप्प होती. पडलेली झोपडी आज दाखवता येत नाही. आणि सगळ्यांत मोठं कारण: बायको त्या झोपडीत असती तर ते सर्वांत आधी नवऱ्याला माहीत असतं आणि जीव वाचवायला कोणताही माणूस ते पहिल्या दिवशीच बोलला असता. कोकणातल्या सज्जन माणसाच्या हिशेबानं बरोबरच होतं ते. कोणताही माणूस म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे जो माणूस होता, तो चैतू नव्हता, एवढंच.

शिपाई त्याला नेत होते तेव्हा त्यानं मला विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मैनीले सांगजा, मी लाकडं तोडाले गेलो." मी ती थाप पोरीला मारली नाही. पण खरंही सांगता आलं नाही. आजीनंच काय ते सांगितलं असेल.

नागपूरला अपील केलं. तिथल्या एका वकिलांच्या मी अक्षरशः मागे लागले. अपिलाचा नंबर लागायला वर्षांमागून वर्षं गेली. या काळात मी तीनदा चष्मा बदलला, माझी मुलं कॉलेजात गेली, आणि तो आत गालिचे विणत होता. शेवटी वरच्या कोर्टानं दोन पानांत सोडला. म्हणाले, बायको रात्री घरात होती हे आधी सरकारनं दाखवायला हवं होतं. तेच दाखवलं नाही तर नवऱ्याकडून खुलासा कसला मागता? त्याच्या गप्प बसण्यानं सरकारच्या पुराव्यातलं भोक बुजत नाही. मी हे पहिल्या कोर्टात याच शब्दांत सांगितलं होतं. माझ्या नोंदीत आहे. त्याचा आता काय उपयोग?

त्याला गावी पोचवायला मी गेले. त्याचे केस पांढरे झाले होते. एसटीत तो खिडकीतून बघत एवढंच म्हणाला, "सडक झाली." सडक नदीपर्यंतच होती.

गावात मोहाच्या झाडाखाली माणसं जमली. त्याची म्हातारी आई त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली, तिला आता दिसत नव्हतं. चैतूनं इकडेतिकडे पाहिलं.

"मैनी?"

एकानं विडी पेटवली. दुसरा म्हणाला, "येईल." म्हातारीनं त्याच्या तोंडावरचा हात काढून घेतला आणि चुलीकडे वळली. मला कळलं. मैनी आता मोठी झाली होती.

त्यालाही कळलं. बाकीच्यांना वाटलं तो बसेल, पाणी पिईल, विचारणार नाही. तो उभाच राहिला आणि सगळ्या माणसांसमोर, मोठ्यानं म्हणाला, "कुर्म्यात हाये का?"

म्हातारे तोंड फिरवून बसले. एक जण तर उठून निघून गेला. चैतू गावाच्या कडेला चालू लागला आणि मी त्याच्यामागे; बाकीचे लांबून येत राहिले. झोपडीपासून थोडं दूर उभा राहून त्यानं हाक मारली. "मैनी, मी आलो. बाहेर ये. घरी चाल."

आतून तरुण बाईचा आवाज आला. बापानं तो आवाज कधी ऐकलेला नव्हता. ती माडियात बोलली, पण एवढी माडिया मला तोवर समजायला लागली होती. ती म्हणाली, "नाही येत. लोक बघून राहिलेत. तू जा इथून, बाबा."

तो गेला नाही. झोपडीपाशी गेला, जिथे त्या गावात कोणी बाप्या कधी गेला नव्हता. दारात वाकला, आतल्या मधल्या खांबाला दोन्ही हात घातले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून हलवला. खांब हलला. वरून गवताचा भुगा त्याच्या डोक्यावर पडला.

त्यानं वळून माणसांकडे नव्या खांबासाठी कुऱ्हाड मागितली. कोणी जागचं उठलं नाही. शेवटी त्याची म्हातारीच भिंत चाचपत घरात गेली आणि कुऱ्हाड घेऊन आली.